मधल्या बाकांवरची मुलं आणि त्यांचं कॉलेज



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, नाट्यसंगीत झालं, शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवरही एक सुंदर व्याख्यान झालं. त्या रांगेत माझा आजचा विषय घरगुती वाटेल. पण ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या घरी मे महिन्यात कोण यायचं हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. मार्कशीट घेऊन आई-वडील यायचे आणि त्यातले बहुतेक ६० ते ७० टक्क्यांच्या मुलांचे असायचे. ९५ टक्केवाल्यांना बाईंची फारशी गरज पडत नसे, कारण कॉलेजंच त्यांच्या मागे असतात. मी स्वतः पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आले, त्यामुळे या मधल्या बाकांवरच्या मुलांशीच माझा जास्त संबंध आला. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या पालकांबद्दल मला आज बोलायचं आहे.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ६२५ पैकी ६२५ मिळवणाऱ्यांचे पेढे भरवतानाचे फोटो असतात. जे नापास झाले त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षा असते, क्लास असतात, हेल्पलाइन असते. मधल्या मुलासाठी काही नसतं. तो पास झालेला असतो, फर्स्ट क्लासही असतो, आणि तरी घरात सगळे गप्प असतात. पुण्याहून मावशीचा फोन येतो, आई फोन घेऊन गॅलरीत जाते आणि आवाज खाली आणून आकडा सांगते. मुलाला ते ऐकू येतं. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात येणारी निम्मी मुलं हा खाली आणलेला आवाज कानात घेऊनच आलेली असत. मदत कशी करायची हे आपण नंतर बोलू, पण ती तिथून, त्या गॅलरीतून सुरू होते, हे आधीच सांगून ठेवते.

गुण कमी पडले की पैसे घालायचे, ही रीत आपल्या घरांत कुठून आली? तिला इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटक दोघंही आहेत. महाराष्ट्रात इंजिनियरिंगच्या जागा पूर्वी फार थोड्या होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना वाट करून दिली. त्याआधी सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या मुलाला तिकडे प्रवेश मिळत नसे, त्याचे वडील जमीन गहाण टाकून त्याला गुलबर्ग्याला, दावणगिरीला, बेळगावला, हुबळीला पाठवत. मणिपालला तर १९५३पासून खासगी वैद्यकीय कॉलेज होतं. ‘डोनेशन’ हा शब्द मराठी घरांत त्या काळात रुळला. आज या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींची इंजिनियरिंगची पदवी त्याच वाटेने आलेली आहे, आणि त्यांनी पुढे चांगली कामं केली, हेही खरं आहे.

कर्नाटकाने १९८४ साली कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा केला. तरी मागच्या दाराने ती चालूच राहिली. १९९२ साली मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. तुमकूरच्या एका वैद्यकीय कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला २ हजार, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि बाहेरच्यांना ६० हजार रुपये अशी फी होती. न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी वाटणी झाली, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९९४ साली सीईटी सेल सुरू झाला. आज तोच मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए, म्हणून उभा आहे. २००२ साली टी. एम. ए. पै आणि २००५ साली पुण्याचे इनामदार यांच्या खटल्यांनी खासगी संस्थांना बरीच मोकळीक दिली. या सगळ्याचा परिणाम म्हणजे आज एकाच इंजिनियरिंग वर्गात, एकाच बाकावर, तीन दरांनी आलेली मुलं बसतात. सरकारी कोट्याची, खासगी कॉलेजांच्या सामाईक परीक्षेतून म्हणजे कॉमेडकेतून आलेली, आणि मॅनेजमेंटची. कॉमेडकेची फी सरकारी कोट्याच्या दुपटीहून जास्त असते आणि मॅनेजमेंटच्या जागेला तर शाखा आणि घाई पाहून आकडा सांगतात.

या व्यवस्थेने मधल्या मुलाचं नुकसान एका विशिष्ट तऱ्हेने केलं. कमी पडलेल्या दहा-पंधरा टक्क्यांची किंमत लाखांत मोजता येते, असं घराला एकदा वाटलं की शोध थांबतो. मुलाला काय जमतं, कोणत्या वर्गात त्याचं भलं होईल, हे विचारायचं राहून जातं आणि ‘कितीपर्यंत जमेल आपल्याला?’ हा एकच प्रश्न उरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, या मुलांसाठी पालकांनी पैसे मोजण्याआधी वेळ मोजावा. दोन महिने नीट चौकशी केली तर जे मिळतं, ते पुष्कळदा दहा लाखांत मिळत नाही.

चौकशीची सुरुवात बारावीनंतर करायची, असं बहुतेकांना वाटतं. बंगळूरमध्ये ती दहावीच्या मे महिन्यात करावी लागते. कारण पीयूसीचं ‘कॉम्बिनेशन’ तेव्हाच ठरतं. पीसीएमबी, पीसीएमसी, सीईबीए, एचईपीएस; ही अक्षरं मुलाच्या पुढच्या सहा-सात वर्षांची दिशा ठरवतात, आणि आपण ती एका रांगेत उभं राहून, पुढच्या माणसाने काय घेतलं ते पाहून घेतो. दहावीत गणितात ५५ गुण पडलेल्या मुलाला केवळ ‘सगळे दरवाजे उघडे राहावेत’ म्हणून पीसीएमबी देणारे पालक मी दरवर्षी पाहिले. चार जड विषय, त्यावर ‘इंटिग्रेटेड’ कोचिंग, सकाळी साडेसहाला घरातून निघणं. दरवाजे उघडे राहत नाहीत, उलट बंद होतात. कर्नाटकाच्या सीईटीत, म्हणजे केसीईटीत, इंजिनियरिंगचा रँक लावताना निम्मं वजन दुसऱ्या पीयूसीच्या भौतिक, रसायन आणि गणिताच्या गुणांना असतं, निम्मं सीईटीला. जे विषय पेलत नाहीत त्यांत मूल दोन वर्षं ओढत राहिलं, तर ते दोन्ही बाजूंनी मागे पडतं.

तसाच मुलगा सीईबीए घेऊन, म्हणजे अर्थशास्त्र, व्यवसाय अभ्यास आणि हिशेबासोबत कम्प्युटर घेऊन, ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. असा एक नव्हे, पुष्कळ. त्यांची बुद्धी अचानक वाढली नव्हती. ती योग्य विषयाला लागली होती. भाषेच्या विषयाबद्दल जाता जाता एक सांगते. पीयूसीला मराठी ही भाषा घेता येते. गुणांसाठी म्हणून संस्कृत घेणं आपल्याकडे नेमाचं झालं आहे. ज्या मुलाला संस्कृत पाठ करून थकायला होतं आणि घरात मराठी वाचायची सवय आहे, त्याच्यासाठी या पर्यायाचा निदान विचार तरी करा.

आता कोट्याबद्दल, कारण इथे मराठी कुटुंबांची फसगत जास्त होते. केसीईटीच्या सरकारी जागेसाठी मुलाने पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण घेतलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी इथून पास केलेली असावी, हा मुख्य नियम आहे. कंपनीने बदली केली म्हणून मूल आठवीत असताना पुण्याहून इथे आलेलं कुटुंब या नियमात बसत नाही. आई-वडिलांपैकी कुणी कर्नाटकात शिकलेलं असेल तर त्यासाठी वेगळं कलम आहे, तेही वाचून पाहावं. हे बारावीच्या एप्रिलमध्ये कळण्यात अर्थ नाही. शिक्षणाचा दाखला प्रत्येक शाळेकडून घेऊन त्यावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागते. एखादी शाळा बंद पडलेली असते, एखादी नाव बदलून बसलेली असते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आरडी नंबरसह काढावा लागतो. हे काम मुलाचं नव्हे, आई-वडिलांचं. ते दसऱ्याच्या सुट्टीत उरकून ठेवलं तर मे महिन्यात घरातले आवाज चढत नाहीत.

ज्यांच्या आई किंवा वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा आहे, त्यांनी महाराष्ट्राच्या सीईटीकडेही पाहावं. दहावी-बारावी बाहेरच्या राज्यात झालेल्या, पण पालकांचा अधिवास तिकडे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नियमांत स्वतंत्र प्रकार आहे. बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठीही तिथे एक प्रकार आहे. आणि उलट बाजूने, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकाची सीईटी ‘गडिनाडु कन्नडिग’ म्हणून आत घेते. दोन राज्यांचं सीमेवरून न्यायालयात भांडण चालू आहे, आणि दोघांनीही पलीकडच्या आपल्या लेकरांसाठी एकेक दार ठेवलं आहे, याचं मला फार बरं वाटतं. हे दार वापरणारे मात्र थोडे, कारण माहितीपुस्तिकेतली ती पानं कुणी उघडत नाही.

प्रवेशाच्या हंगामात पालकांना सगळ्यात जास्त काय छळतं? भीती. ‘आता बुक केली नाही तर जागा जाईल,’ असं सांगणारा माणूस नोव्हेंबरपासून फोन करू लागतो. मुलाची परीक्षा मार्चमध्ये असते! मित्रहो, कर्नाटकात इंजिनियरिंगच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. जागेची टंचाई नाही. टंचाई आहे ती नीट शिकवणाऱ्या विभागांची, आणि ते कोणते हे एजंट सांगू शकत नाही, कारण त्याने ते पाहिलेलेच नसतात. सीईटी आणि कॉमेडके या दोन्हींचे रँक हातात येईपर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नका. केईए दरवर्षी प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेत शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते जाहीर करतं. मागच्या वर्षीचे ते तक्ते काढा आणि आपल्या रँकच्या थोडं वर, थोडं खाली पाहत यादी करा. संख्याशास्त्राची शिक्षक म्हणून सांगते, हे तक्ते वाचायला दहावीचं गणित पुरतं.

यादी झाली की कॉलेज पाहायला जायचं. कॉलेजने बोलावलेल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी फुगे असतात, ड्रोन उडत असतो, आणि सभागृहात ‘हायेस्ट पॅकेज’ची स्लाइड लागलेली असते. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जा, वर्ग चालू असताना. मुलाला सोबत घ्या. प्रयोगशाळेच्या दारात पाच मिनिटं उभं राहा. यंत्रं चालू आहेत का, की त्यांवर झाकण आहे? बाहेर बस स्टॉपवर दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतात, त्यांना विचारा: पहिल्या वर्षी वर्गातल्या किती जणांचे विषय राहिले? सर नावाने ओळखतात का? अडलं तर कुणाकडे जाता? ही मुलं खरं बोलतात.

या प्रश्नांना मी इतकं महत्त्व देते याला कारण आहे. १९९८ साली बेळगावला मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, आपलं व्हीटीयू, सुरू झालं आणि राज्यातली बहुतेक इंजिनियरिंग कॉलेजं त्याला जोडली गेली. स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीवरचं विद्यापीठही एक. म्हणजे जास्त फीच्या आणि कमी फीच्या कॉलेजात कागदावर फरक फारसा नाही. फरक शिकवणाऱ्यात आणि सोबत बसणाऱ्यात आहे. ९५ टक्केवाला कसाही शिकवलेला पेपर काढतो. ६५ टक्केवाल्याला मात्र पहिल्या सेमिस्टरच्या गणितात कुणीतरी हात धरून पुढे न्यावं लागतं, आणि ते झालं की तो पुढे आपला आपण चालतो. त्याच्यासाठी शिक्षकाने नावाने ओळखणं ही चैन नाही, गरज आहे.

सध्या तर हे जास्त जपून पाहायला हवं. एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. कम्प्युटर सायन्स आणि त्याच्या नव्या नावांच्या भावंडांचे वर्ग बंगळूरमध्ये भराभर वाढले. एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी नावं वेगळी असली तरी पहिली दोन वर्षं बरंचसं शिक्षण तेच असतं. जागा वाढल्या तेवढे शिक्षक वाढले का, हे विचारा. संस्थेच्या ‘मँडेटरी डिस्क्लोजर’मध्ये शिक्षकांची नावं असतात. एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही. तुम्ही निवडत आहात त्या शाखेला ते आहे का, आणि त्याची मुदत संपलेली तर नाही ना, तेही पाहा. प्लेसमेंटचा आकडा दाखवला तर मध्यक विचारा. वर्गातल्या पगारांची रांग लावली तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? तुमचा मुलगा मधला असेल तर मधल्याचाच पगार तुम्हाला कळायला हवा, वरच्याचा कळून काय उपयोग? आणि तो आकडा सगळ्या मुलांचा आहे की कॉलेजने ‘पात्र’ ठरवलेल्यांचाच, हेही विचारून घ्या.

अंतराचाही विचार करा. व्हाइटफील्डला राहणाऱ्या मुलाने मैसूर रस्त्यावरच्या कॉलेजात जायचं तर २०२३च्या ऑक्टोबरपासून जांभळी मेट्रो लाइन सलग आहे, पण बनशंकरीहून येलहंक्यापलीकडे रोज जाणाऱ्या मुलाचे दिवसाचे तीन-चार तास बसमध्ये जातात. हुशार मुलाला ते झेपतं, मधल्याला नाही. त्याचा अभ्यासाचा वेळच तो असतो. त्यापेक्षा धारवाडला किंवा हुबळीला वसतिगृहात ठेवलेलं मूल पुष्कळदा जास्त फुलतं. बंगळूरची माणसं हुबळी-धारवाडचं नाव काढलं की ओठ मुडपतात. मला ते पटत नाही. गाव लहान असलं की शिक्षक संध्याकाळी बाजारात भेटतात, आणि मधल्या मुलाला तो सहवास लागतो.

आता इंजिनियरिंग बाजूला ठेवून बोलते, कारण या शहरात ते बाजूला ठेवणं कुणाला सुचत नाही. बंगळूर आयटीच्या आधी हातांनी काम करणाऱ्यांचं शहर होतं. १९४०ला एचएएल, ४८ला आयटीआय, ५३ला एचएमटी, ५४ला बीईएल. या कारखान्यांतल्या पुष्कळ कारागिरांनी या शहरात आपली घरं बांधली. ती परंपरा संपलेली नाही. राजाजीनगरला सरकारी टूल रूम आहे, जीटीटीसी. डेन्मार्कच्या मदतीने १९७२ साली सुरू झालेली. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तिथे मिळतो. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष कारखान्यात. पीण्याला एनटीटीएफ आहे, तिचाही कारखानदारीत मान आहे. डिप्लोमा झाला की डीसीईटी देऊन इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्या मुलाला घरातला मिक्सर उघडून पाहायचा असतो आणि पुस्तक उघडलं की झोप येते, त्याच्यासाठी ही वाट राजमार्ग आहे. मी हे सांगितलं की आया दुखावतात. ‘डिप्लोमा?’ म्हणतात. त्या दुखावण्यामागे मुलाचं हित किती आणि बहिणीला काय सांगायचं ही काळजी किती, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावं.

दुसऱ्याही वाटा आहेत. होसूर रस्त्यावरच्या निम्हान्समध्ये नर्सिंग आणि रेडिओग्राफीचे पदवी अभ्यासक्रम आहेत. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांतून अशा पूरक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मोठी साखळी आहे, आणि इस्पितळांना ही माणसं कायम हवी असतात. जीकेव्हीकेच्या आवारात कृषी विद्यापीठ आहे, १९६४ साली सुरू झालेलं. तिथे गावाकडच्या शेतकरी घरातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. चित्र काढणाऱ्या मुलीला कुमारकृपा रस्त्यावर चित्रकला परिषदेत घेऊन जा. जानेवारीतल्या चित्रसंतेच्या गर्दीतून फिरवा, मग ती काय बोलते ते ऐका. सर्जापूरकडे अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, जिथे घरच्या उत्पन्नानुसार फीत मोठी सवलत मिळते आणि प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. साधं बी.कॉम. आणि संध्याकाळी काम हाही मार्ग या शहरात जुना आहे. कित्येक सीए असेच झाले. तीन वर्षांची पदवी की चार, हा घोळ २०२१ आणि २०२४ अशा दोन वेळच्या धोरणबदलांनी झाला. कर्नाटकात सध्या पुन्हा तीन वर्षांची पदवी आहे, एवढं लक्षात ठेवा.

मग या सगळ्यात आई-वडिलांनी काय करायचं आणि मुलाने काय? केईएच्या पोर्टलवर नोंदणी करताना मोबाइल नंबर बहुतेक घरांत वडिलांचा असतो. ओटीपी त्यांच्याकडे येतो आणि पर्यायांची यादी तेच रात्री बसून भरतात, मूल झोपलेलं असताना. हे मला मान्य नाही. यादीतला क्रम मुलाने लावावा. तुम्ही त्याच्या शेजारी बसा, फी सांगा, कर्ज किती झेपेल ते स्पष्ट सांगा, अंतर सांगा, आणि मग गप्प बसा. मॉक अलॉटमेंट हीच गोष्ट शिकण्यासाठी असते. क्रम बदलला तर काय हाती येतं ते कळतं. जागा मिळाल्यावर ‘चॉइस’चे चार पर्याय येतात. पहिला घेतला की प्रवेश पक्का. दुसऱ्यात ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबता येतं. तिसऱ्यात ती सोडून पुढच्या फेरीत उतरायचं, आणि चौथ्यात बाहेर पडायचं. दरवर्षी काही मुलं घाईत तिसरा दाबतात आणि हातातली जागा घालवतात. इथे आई-वडिलांनी शेजारी बसायला हवं.

घराची ऐपत मुलाला न सांगणं ही माया समजली जाते. मला ती माया वाटत नाही. १७ वर्षांच्या मुलाला आपल्या घरात किती पैसा आहे हे कळायला हवं. बापाने भविष्य निर्वाह निधी मोडून घेतलेल्या जागेवर बसलेलं मूल चार वर्षं त्या ओझ्याखाली वाकून शिकतं, आणि शाखा चुकली हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं तरी तोंड उघडत नाही. माझ्याकडे परत भेटायला येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांत सगळ्यात दुःखी ही मुलं असत. त्यांना शिकता येत होतं, बोलता येत नव्हतं.

कॉलेजच्या नावाने आयुष्य ठरतं का? या प्रश्नावर अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोघांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही कमी नावाच्या कॉलेजात गेलेल्या मुलांची त्यांनी नामांकित कॉलेजात गेलेल्यांशी तुलना केली. पुढच्या कमाईत फरक जवळजवळ दिसला नाही. मुलाची स्वतःची धडपड कॉलेजच्या नावापेक्षा जास्त बोलत होती. पण या अभ्यासात एक अपवाद निघाला: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना चांगल्या कॉलेजचा फायदा स्पष्ट झाला. ज्यांच्या घरात ओळखी आहेत, इंग्रजी आहे, काका कुठल्याशा कंपनीत आहे, त्यांचं कुठेही चालतं. ज्यांच्या घरात हे काही नाही, त्यांना कॉलेजच ते सगळं देतं.

अमेरिका आणि बंगळूर यांत पुष्कळ अंतर आहे, तरी हा अपवाद मला आपल्या दाराशी दिसतो. इथे बसलेले आपण बहुतेक नोकरीनिमित्त आलेले, शिकलेले, जयनगर-व्हाइटफील्डचे. पण बंगळूरचे मराठी म्हणजे तेवढेच नाहीत. पेट भागात, नगर्तपेट-कब्बनपेटच्या गल्ल्यांत शिंपी आणि भावसार समाजाची घरं आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मिसळलेली मराठी बोलली जाते. त्यांची मुलं सरकारी किंवा लहान खासगी पीयू कॉलेजात जातात, ६० टक्के मिळवतात, आणि जवळच्या कोणत्याही कॉलेजात नाव घालतात. एसएनक्यू म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मंजूर जागांवर पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांखाली असेल तर शिकवणी शुल्क माफ होतं. ही मुलं त्यात बसतात. आणि ते न कळल्यामुळे त्यांचे वडील सावकाराकडे जातात.

म्हणून ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक मागणी ठेवते. एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून जुलै अखेरपर्यंत, दर शनिवारी दुपारी, वाचनालयाची खोली या कामासाठी उघडी ठेवा. एक संगणक, एक प्रिंटर आणि मागच्या तीन वर्षांचे केईएचे शेवटच्या रँकचे तक्ते एवढं पुरे. महाराष्ट्राच्या सीईटीची माहितीपुस्तिका ठेवा, जीटीटीसीचा आणि डिप्लोमाचा अर्ज ठेवा. आपल्यातले जे इंजिनियर, परिचारिका, सीए, चित्रकार आहेत त्यांनी आळीपाळीने एकेक शनिवार द्यावा. सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कुठल्याही कॉलेजचं पत्रक भिंतीवर लावायचं नाही. पहिल्या तीन शनिवारांना मी येईन. चौथ्यासाठी नाव द्यायचं असेल तर बाहेर पडताना सचिवांकडे वही आहे, त्यात लिहा. आणि नगर्तपेटच्या विठ्ठलमंदिरात मराठी आणि कन्नड दोन्हींत फलक लावायची जबाबदारी आत्ताच कुणीतरी घ्या, म्हणजे दहावीच्या निकालाआधी तो तिथे लागलेला असेल.